शुक्रवारी सरतपास, सोमवारी उलटतपास. मधले दोन दिवस सोलापुरात

पत्र: "आम्ही तिघे ठाण्याचे वकील. डिसेंबरात सोलापूरच्या कोर्टात एका दिवाणी दाव्याची तारीख आहे. वाद दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या शेतजमिनीचा, आम्ही प्रतिवादीतर्फे. शुक्रवारी वादीच्या साक्षीदाराचा सरतपास होईल, म्हणजे वादीचेच वकील त्याची साक्ष घेतील. आमचा उलटतपास सोमवारी. मध्ये दुसरा शनिवार आणि रविवार. सिनियर अडुसष्ट वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, पण वाचन दांडगं. ज्युनियरला पक्ष्यांचा नाद. मला स्वतःला देवळांच्या रांगांचा कंटाळा आहे. अशील म्हणतात, 'गाडी आणि माणूस देतो, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट एका दिवसात उरकून टाका.' हे करावं का? की सोलापुरातच काही पाहण्यासारखं आहे?" (एक वकील, ठाणे)

मॅडम, आधी गाडीचं बोलू. अशिलाची गाडी घेऊ नका. त्यांचा हेतू चांगलाच असेल, पण वाद जमिनीचा आहे आणि जमीन याच तालुक्यात आहे. गाडी चालवणारा माणूस त्यांच्या घरचा किंवा गावचा असणार. 'आलाच आहात तर शेत बघून जा की ओ' असं तो म्हणणार आणि गाडी वळवणारही. बांधावर शेजारचा शेतकरी भेटेल, बोलणं निघेल, तुम्ही मोबाईलवर दोन फोटो काढाल. सोमवारी वादीचे वकील तेवढंच धरून बसतील. जागा पाहणं गरजेचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ नियम ९ खाली जागा पाहून अहवाल देणारा कमिशनर मागता येतो, नाहीतर ऑर्डर १८ नियम १८ खाली कोर्ट स्वतः पाहू शकतं. वकिलाने सुट्टीच्या दिवशी केलेली पाहणी कागदावर कुठेच बसत नाही, उलट वकीलच साक्षीदार होण्याची पाळी येते. म्हणून स्टेशनजवळून किंवा लॉजच्या ओळखीने भाड्याची गाडी घ्या. ड्रायव्हरला कुठे जायचं ते सांगा, कशासाठी आलात ते नको. गाडीत दाव्याची चर्चाही नको. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा घराघरांत बोलल्या जातात, त्यामुळे तिघांत कुजबुजून तेलुगूत बोलण्याचाही उपयोग होणार नाही.

फाइल लॉजवर कपाटात कुलूपबंद ठेवा. कोट आणि बँड, म्हणजे गळ्याची पांढरी पट्टी, शुक्रवारी कोर्टातून आल्यावरच उतरवून टांगा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचे नसतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण कोर्टातून थेट किल्ल्यावर जाण्याच्या घाईत हा नियम हमखास मोडतो.

आता त्या तीन देवस्थानांविषयी. पंढरपूर सोलापूरच्या पश्चिमेला सत्तरेक किलोमीटर, तुळजापूर उत्तरेला पंचेचाळीस, अक्कलकोट आग्नेयेला चाळीसच्या आसपास. तिन्ही तीन दिशांना असल्याने दर वेळी शहरात येऊन पुन्हा बाहेर पडावं लागतं. त्यात रविवार म्हणजे पंढरपूर आणि तुळजापूरची रांग. सिनियरांना तासन्‌तास उभं करून सोमवारी त्यांच्याकडून उलटतपास घेववणं हा त्यांच्यावर आणि अशिलावरही अन्याय होईल. सिनियरांची श्रद्धा असेल तर एकट्या अक्कलकोटला जा आणि तेही शनिवारी सकाळी. गुरुवार आणि पौर्णिमा सोडून स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिरात दर्शन बेताच्या वेळात होतं. अन्नछत्रात दुपारचा महाप्रसाद मिळतो. बाकी दोन ठिकाणं पुढच्या खेपेला.

आमचा सल्ला सरळ आहे. शनिवार शहराला द्या, रविवार एकाच दिशेला. सोलापूर हे गाव वकिलाने वाचण्यासारखं आहे, आणि त्याची सुरुवात १९३० पासून करावी.

शनिवारी रिक्षावाल्याला 'चार पुतळे' एवढंच सांगा, तो बरोबर नेईल. (सोलापुरात रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवायचं, उतरल्यावर नाही.) मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे ते चार हुतात्मे. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडं तोडण्यावरून पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला. मग जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी आणि कोर्टाची इमारत जाळली, दोन पोलीस मारले गेले. गिरणी कामगारांच्या या शहरात सरकारचा अंमलच उरला नाही. १२ मेपासून मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला, तो ३० जूनपर्यंत चालला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून या चौघांवर खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली.

पुतळ्यासमोर पाच मिनिटं उभं राहून फोटो काढला की बहुतेक जण निघतात. तुम्ही असं करू नका. ठाण्याहून निघण्याआधी चनप्पा शांतिराप्पा विरुद्ध सम्राट हा निकाल वाचून या, एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर ही निकालांची मालिका) १९३१ मुंबई, पान ५७. सोलापूरच्या मार्शल लॉचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेला होता, तो हा. परकी सत्ता लष्कराच्या हाती शहर देते तेव्हा न्यायालय स्वतःची सीमा कुठे आखतं, हे त्यात दिसतं. तुमचे सिनियर वाचनप्रिय आहेत, त्यांना तो रेल्वेतच द्या. निकाल वाचून चार पुतळ्यांसमोर उभं राहणं वेगळं असतं. जिथे कोर्ट जाळलं गेलं त्या गावातल्या कोर्टात सोमवारी तुम्ही उभे राहणार आहात.

तिथून महापालिकेचं इंद्रभुवन जवळच आहे. अप्पासाहेब वारदांनी बांधलेला हा वाडा बाहेरून पाहिला तरी पुरे. आतल्या कचेऱ्या शनिवारी बंद असतात आणि दगडी कोरीवकाम बाहेरच्या बाजूलाच आहे. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले, १९४२ साली तिथेच मरण पावलेले हे डॉक्टर सोलापूरचे. अर्ध्या तासात पाहून होतं.

पण हे सगळं दहानंतर. शनिवारची सुरुवात सिद्धेश्वर मंदिरापासून करा, आणि साडेसहालाच. तळ्याच्या मधोमध देऊळ, पाण्यावर धुकं, सोलापूरचा उकाडा अजून जागा झालेला नाही. देवळाच्या आवारातच बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. त्यांनी शहराभोवती ६८ लिंगं स्थापली असं मानतात आणि मकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत आजही त्या सगळ्यांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. कुंभाराच्या मुलीचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागतं, सात नंदीध्वज म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत काठ्या, आणि अक्षता टाकायला अख्खं सोलापूर. तुम्हाला देवळाच्या रांगेचा कंटाळा आहे असं तुम्ही लिहिलंय. इथे सकाळी सहसा रांग नसते, सोमवार आणि श्रावण सोडला तर. सिनियरांसाठी एक लक्षात ठेवा. चपला काढून चालायची दगडी फरशी डिसेंबरात सकाळी बर्फासारखी गार असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाने जाड मोजे घालावेत.

मंदिरातून भुईकोट किल्ला जवळच, तळ्याच्या काठालाच. नाव सुचवतं तसा हा सपाट जमिनीवरचा किल्ला, चढ नाही, म्हणून सिनियरांना जमेल. दुहेरी तटबंदी, खंदक आणि एका बाजूला तळ्याचं नैसर्गिक संरक्षण. बहामनी काळातलं हे बांधकाम १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या हाती पडलं. त्याआधी फेब्रुवारीत याच जिल्ह्यात आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले होते. आत बत्तीस खांबी वास्तू पाहा आणि कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेषही. खांबांवरचं कोरीवकाम नीट न्याहाळलं तर कुठला दगड आधी कुठे होता याचा अंदाज बांधता येतो. तिकीट नाममात्र आहे, मोबाईलवरून पैसे भरता येतात. कॅमेऱ्याची तिपाई न्यायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, अन्यथा रखवालदार अडवतो. किल्ल्यातून बाहेर आलात की तटाच्या कडेने एक फेरी मारा. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर प्रतिबंधित आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रित, हा २०१० च्या दुरुस्तीचा नियम कागदावर वाचायला सोपा वाटतो. भरवस्तीतल्या किल्ल्याभोवती घरं, दुकानं, रस्ता पाहिला की त्यावर इतके वाद का होतात ते डोळ्यांना कळतं.

दुपारी एक ते साडेतीन लॉजवर पडा. डिसेंबर असला तरी सोलापूरचं ऊन दुपारी बोचतंच.

चारला चादरी. इथे वकिलाने घाई करू नये, कारण सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या भौगोलिक निर्देशनाच्या (जीआय, म्हणजे मालाच्या नावाला त्याच्या गावामुळे मिळणारं कायदेशीर संरक्षण) आपल्याकडच्या सुरुवातीच्या नोंदण्यांपैकी आहेत. कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून. कायद्यातला 'प्राधिकृत वापरकर्ता' म्हणजे कलम १७ खाली नोंदलेला उत्पादक किंवा विणकर. दुकानात विचारा, तुम्ही किंवा तुमचा पुरवठादार नोंदलेला आहे का, चिन्ह आहे का. काही दुकानदार लगेच दाखवतात, काही गोंधळतात. गोंधळला म्हणजे माल खोटा असं समजू नका. लहान विणकरांपैकी पुष्कळांनी ती नोंदणी केलेलीच नसते.

खरी पारख कापडात आहे. चादर उलगडून उलटी करा. जॅकार्ड मागावर दुहेरी विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना स्पष्ट असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. वर मरून पानावर पांढरी वेल असेल तर खाली पांढऱ्या पानावर मरून वेल. छापील चादरीची उलटी बाजू फिकी, पुसट असते. मग काठ चिमटीत धरून उजेडासमोर धरा. वीण घट्ट असेल तर उजेड बारीक टिपक्यांसारखा येतो, सैल असेल तर फटी दिसतात. अशी चादर दोन धुण्यांत लांबीला आकसते आणि कडेला वेडीवाकडी होते. झालरीच्या गाठी हलक्या ओढून पाहा. सुटल्या तर घरी चार दिवसांत दोरे लोंबतील. आणि 'हातमागाची आहे' असं कोणी म्हणालं तर भुलू नका. आज बाजारातली जवळपास सगळी सोलापुरी चादर यंत्रमागावरची आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. नक्षी ठरते ती जॅकार्डमुळे. पुठ्ठ्याच्या छिद्रांच्या कार्डांची माळ फिरते आणि प्रत्येक कार्डाच्या छिद्रांप्रमाणे ताण्याचे, म्हणजे उभे, ठरावीक धागे उचलले जातात. जुन्या यंत्रांवर ती माळ अजून दिसते, नवीन यंत्रांवर तेच काम संगणक करतो.

दुकानं चाटी गल्लीत आणि नवी पेठेत आहेत. माग पाहायचा असेल तर शहराच्या पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठेकडे जावं लागेल. ही बहुतेक वस्ती पद्मशाली विणकरांची, पिढ्यान्‌पिढ्या तेलंगणातून आलेल्या घराण्यांची. दुकानदारालाच विचारा, माग कधी चालू असतो आणि कोण दाखवेल. आगाऊ न विचारता मागाच्या खोलीत शिरू नका. आडवा धागा नेणारा धोटा वेगाने फिरतो, जागा चिंचोळी असते आणि ओढणी किंवा टायचं टोक पट्ट्यात अडकायला क्षण लागतो. आवाज इतका असतो की कानात बोटं घालावी लागतात. सिनियरांना दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबवू नका. खरेदी केलीत तर पावती घ्या आणि घरी पहिलं धुणं वेगळं, गार पाण्यात करा. गडद मरून आणि हिरवा रंग पहिल्या पाण्यात सुटतो. पांढऱ्या शर्टांबरोबर टाकलात तर कोर्टाचा शर्ट गेला समजा.

संध्याकाळी पार्क चौपाटीवर हिंडा, पण सिनियरांनी आणि तुम्ही तिखट जपून. सोलापुरी मसाला आणि शेंगा चटणी घशाला लागते आणि उलटतपासाला आवाज लागतो. भाकरीबरोबर दही हवंच. कडक भाकरी आधी हाताने मोडून गरम आमटीत मिनिटभर ठेवा, म्हणजे चावायला त्रास नाही. कडक भाकरी नेतात ती ज्वारीची, आणि इथल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही भौगोलिक निर्देशन आहे.

आता रविवार. आमची पहिली पसंती हत्तरसंग कुडल, दक्षिण सोलापूर तालुक्यातलाच भीमा-सीनेचा संगम. विजापूर रस्त्याने मंद्रूपकडे जाऊन पुढे आत वळायचं. साधारण चाळीस किलोमीटर, सव्वा तास धरा, कारण शेवटचे काही किलोमीटर खड्ड्यांचे असू शकतात. तुमच्या दाव्यातली जमीन याच वाटेवर असेल तर गाडी न थांबवता पुढे जा, हे पुन्हा सांगतो.

तिथल्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, शिलालेख आहे. त्याच्या शेवटी मराठी वाक्य आहे, 'वाछि तो विजेया होइवा', वाचणाऱ्याचा विजय होवो अशा अर्थाचं. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला. सर्वात जुना मराठी शिलालेख कोणता, कुडलचा की आक्षीचा की श्रवणबेळगोळचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि त्यात आपण पडायचं नाही. पण दस्तऐवजाच्या शेवटी वाचणाऱ्याला आशीर्वाद देणारा लेखक, हे वकिलाने आपल्या डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे.

अक्षरं पाहायची रीत सांगतो, कारण सरळ बघून काही दिसत नाही. तुळई वर आहे, मान वर करावी लागते. मोबाईलचा टॉर्च लेखावर समोरून मारलात तर दगड सपाट पांढरा दिसतो आणि अक्षर बुजतं. टॉर्च एका कडेला, दगडाला जवळजवळ लागून धरा. प्रकाश तिरपा गेला की खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. एकाने टॉर्च धरावा, दुसऱ्याने फोटो काढावा, तिसऱ्याने पाहत राहावं. अक्षर उमटावं म्हणून खडू, पीठ, तेल किंवा पाणी कधीही लावू नका. तेलाने दगडावर धूळ धरते आणि हजार वर्षं टिकलेली रेघ दहा-वीस वर्षांत बुजते. फोटो काढून झाले की लॉजवर मोठे करून बघा.

जवळच हरिहरेश्वर मंदिरात बहुमुखी शिवलिंग आहे, ज्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मातीखाली गेलेलं हे देऊळ उत्खननातून मोकळं केलं गेलं. मुखं मोजायला बसू नका, फेरी मारत एक-एक ओळ पाहा. प्रत्येक चेहऱ्याची ठेवण वेगळी आहे.

नदीकडे जाताना सावध राहा. उजनी धरणातून पाणी सोडलं की भीमेची पातळी वर पाऊस नसतानाही वाढते, आणि काठाचा गाळ वरून घट्ट दिसला तरी पाय आत जातो. पाण्यात उतरणं नकोच. संगमावर जेवणाची सोय नाही. पाणी, कडक भाकरी, चटणी आणि केळी बरोबर ठेवा, चहा मंद्रूपला घ्या. सकाळी सातला निघालात तर साडेबारापर्यंत परत.

ज्युनियरसाठी पर्याय नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य. बार्शी रस्त्याला, वीसेक किलोमीटर. पहाटे साडेपाचला त्यांनी वेगळी गाडी घ्यावी. माळढोक दिसेल ही अपेक्षा ठेवू नका, तो इथे आता दुर्मिळाहून दुर्मिळ आहे. पण डिसेंबरात गवताळ माळावरून खाली उडणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी, काळवीट, नशीब असेल तर लांडगा दिसू शकतो. वकिलाला इथे आणखी एक धागा आहे. १९७९ साली घोषित झालं तेव्हा हे अभयारण्य सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. गावं, शेतं, रस्ते सगळं त्यात आलं आणि जमीन विकण्यापासून घर बांधण्यापर्यंत सगळंच अडकलं. नंतर ते कमी करत बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. कायद्याने रेघ मोठी ओढल्यावर काय होतं, ते माळावर उभं राहून समजतं. माळढोक आणि विजेच्या तारांचा राजस्थान-गुजरातमधला वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, २०२४ चा एम. के. रणजितसिंह प्रकरणातला निकाल तोच. गाडीतून न उतरता, खाकी किंवा मातकट रंगाच्या कपड्यांत, आवाज न करता बघा. पांढरा शर्ट माळावर एक किलोमीटरवरून दिसतो.

कुडल नको वाटलं तर नळदुर्गचा किल्ला आहे, हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातच बांधलेला पाणीमहाल १६१३ सालचा, इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळातला. पण नर-मादी धबधबे पावसाळ्यात पाहण्यासारखे, डिसेंबरात नाहीत. पायऱ्याही पुष्कळ आहेत, सिनियरांना खाली थांबवावं लागेल.

रविवारी दुपारनंतर कुठेही जाऊ नका. सिनियरांना झोपू द्या आणि सोमवारचे प्रश्न एकदा मोठ्याने वाचून काढा.

एक शक्यता वेगळी ठेवा. साक्षीदार आला नाही, आणि तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पडली, तर लॉज लगेच धरा. १२ जानेवारी हुतात्मा दिन आणि लगेच गड्ड्याची यात्रा. त्या काळात यात्रेच्या होम मैदानाच्या आसपास रिक्षाही मिळत नाही. अक्षता आणि शोभेचं दारूकाम पाहायचं असेल तर मात्र याहून चांगली तारीख मिळणार नाही, तेव्हा कोर्टात ती आनंदाने मान्य करा.

सोमवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहेच. शेंगा चटणी रविवारीच घ्या, उखळात कुटलेली, जिला हाताने दाबल्यावर तेल सुटतं आणि गोळा होतो. कोरडी भुरभुरीत चटणी मिक्सरची. हवाबंद डब्यात, उन्हापासून दूर ठेवा, शेंगदाण्याच्या तेलाला खवट वास लवकर येतो. कडक भाकरी मात्र स्टीलच्या डब्यात, हातातल्या पिशवीत. चादरीच्या खाली ठेवलीत तर ठाण्यात चुरा उतरेल.